जामखेडच्या विंधनविहिरी

दान करणं सोपं. ते कुठं ठेवायचं, हे अवघड. १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दवाखान्याआधी लोकांनी मागितलं ते पाणी नि अन्न! लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. देणग्यांतून विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या. आरोळ्यांनी जागा धरली ती दलित वस्तीतली. पाणी हवं तर साऱ्या गावानं तिथं यावं! युक्तीच म्हणा ना. पुढे गावांनीच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविकेचं काम शिकवलं. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित होत्या. जिच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, तिलाच आता बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री बोलावणं येऊ लागलं.