व्यायामक्रम : सर्वांगी आणि विभागलेला

व्यायामक्रम, सर्वांगी आणि विभागलेला : वजने उचलून ताकद वाढवण्याच्या व्यायामाची आठवडाभरात मांडणी करण्याच्या दोन मुख्य पद्धती. सर्वांगी क्रमात व्यायामाच्या प्रत्येक दिवशी पाय, पाठ, छाती, खांदे, हात आणि पोट हे सगळे मोठे स्नायुगट कामाला लागतात. असे दिवस आठवड्यातून बहुधा तीन असतात आणि मध्ये एकेक दिवस विश्रांतीचा जातो. जिममध्ये याला ‘फुल बॉडी’ म्हणतात. विभागलेल्या क्रमात, म्हणजे ‘स्प्लिट’मध्ये, शरीर वारांवर वाटून घेतात. रोज एकाच गटाची पाळी असेल तर ‘सिंगल मसल’; छातीसोबत ट्रायसेप्स, पाठीसोबत बायसेप्स अशा जोड्या लावल्या तर ‘डबल मसल’. कमरेच्या वरचे आणि खालचे शरीर आलटून पालटून घेणारी चार दिवसांची वाटणी, तसेच ढकलण्याचे, ओढण्याचे आणि पायांचे व्यायाम वेगळे काढणारी ‘पुश-पुल-लेग्ज’ वाटणीही रूढ आहे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिममध्ये नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सहा दिवसांचा स्प्लिट लावून दिला जातो. सोमवार ते शनिवार सहा वार, सहा गट, रविवारी सुट्टी. हा क्रम मुळात त्याच्यासाठी बनलेलाच नाही. तो कुठून आला हे पाहिले की कोणी काय निवडावे याचा निम्मा उलगडा होतो.

इतिहास : जुनी रीत सर्वांगीच आहे. तालमीत जोर आणि बैठका एकाच मेहनतीत निघतात. जोरांत छाती, खांदे, दंड आणि पाठ येते, बैठकांत मांड्या. पायांचा वार वेगळा काढावा असे कोणा वस्तादाला वाटले नाही. मात्र तालमीत वाढवायची ती मुख्यतः संख्या. दोनशे बैठकांच्या पाचशे केल्या की दम आणि चिवटपणा वाढतो. एकदाच उचलता येणारे कमाल वजन त्या प्रमाणात वाढत नाही. युरोपात यूजीन सँडो (1867–1925) याने डंबेल्सचे जे व्यायाम लोकप्रिय केले तेही सगळ्या शरीराचे होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोच्या पद्धतीने अनेक वर्षे व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळून त्यांचे मोठे प्रचारक झाले. दोन्ही पद्धती सर्वांगीच.

वजन पायरीपायरीने वाढवत न्यायचे, या तत्त्वाला वैद्यकीय बैठक दिली ती अमेरिकी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरचे आपले काम त्यांनी 1945 साली प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दशकातले नामांकित शरीरसौष्ठवपटूही शरीर वाटून घेत नव्हते. 1947 चा ‘मिस्टर अमेरिका’ स्टीव्ह रीव्ज आठवड्यातून तीन दिवस सगळ्या शरीराचा व्यायाम करी. इंग्लंडचा रेज पार्क पाच रेप्सच्या (आवर्तनांच्या) पाच सेटांच्या (न थांबता केलेल्या फेऱ्यांच्या) क्रमासाठी प्रसिद्ध झाला आणि त्यातही मोठे व्यायाम एकाच दिवशी येत. आज ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ म्हणून जे क्रम चालतात, त्यांचे मूळ त्याच्याकडे आणि 1976 साली ‘द स्ट्राँगेस्ट शॅल सर्व्हाइव्ह’ हे पुस्तक लिहिणाऱ्या बिल स्टार यांच्याकडे जाते.

स्प्लिटचा पुरस्कार जो वीडर यांच्या शरीरसौष्ठवाच्या मासिकांनी केला आणि 1960 च्या दशकात स्पर्धकांत तो पक्का झाला. मंचावर उभ्या राहणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला खांद्याचा मागचा भाग, पोटरी, दंडाची बाहेरची कड असे तुकडे सुटे सुटे भरायचे असतात. प्रत्येकासाठी तीन-चार व्यायाम करायचे तर दिवस वाटून घ्यावेच लागतात. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी 1970 ते 1975 सलग सहा वर्षे आणि पुन्हा 1980 साली ‘मिस्टर ऑलिंपिया’ जिंकले. त्यांचा आठवड्यातून सहा दिवस, अनेकदा दिवसातून दोनदा चालणारा व्यायाम मासिकांतून आणि ‘पंपिंग आयर्न’ (1977) या चित्रपटातून जगभर गेला. आपल्याकडे ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’ अशा स्पर्धांची तयारी करणाऱ्यांनी तो उचलला. त्यांतलेच पुढे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्याबरोबर तो क्रम नोकरदारापर्यंत आणि कॉलेजच्या पोरापर्यंत उतरला.

या प्रवासातली एक गोष्ट वगळून चालणार नाही. डायनाबोल हे स्टेरॉइड अमेरिकेत 1958 साली बाजारात आले. स्प्लिट रुजला तो काळ हाच. स्टेरॉइड्स घेतल्याचे श्वार्झनेगर यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. औषधाने काय फरक पडतो, ते शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1996 च्या प्रयोगात स्वच्छ दिसते. दहा आठवड्यांत औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे चरबीरहित वजन सुमारे 1.9 किलोने वाढले. टेस्टोस्टेरॉनचे मोठे डोस घेऊन व्यायाम मुळीच न करणाऱ्यांचे 3.2 किलोने, आणि दोन्ही करणाऱ्यांचे 6.1 किलोने. म्हणजे ज्याच्या अंगात बाहेरून हार्मोन येते आहे, त्याचा क्रम पाहून स्वतःचा क्रम ठरवणे हा पायाच चुकीचा आहे. जिमच्या भिंतीवरच्या पोस्टरखाली ही सूचना छापलेली नसते, आणि विशीतल्या मुलांचे नुकसान तिथूनच सुरू होते.

शरीरात काय घडते : जड वजनाने काम केल्यावर त्या स्नायूतील प्रथिननिर्मिती वाढते. मॅकडुगल आणि सहकाऱ्यांना (1995) ती 24 तासांनी दुपटीहून थोडी अधिक आढळली आणि 36 तासांपर्यंत जवळजवळ मूळ पातळीवर आली. फिलिप्स आणि सहकाऱ्यांना (1997) 48 तासांनीही ती एकतृतीयांशाने जास्त दिसली. सरावलेल्या माणसात ही लाट आणखी लवकर ओसरते. सोमवारी छाती केली तर गुरुवारपर्यंत त्या व्यायामाचा परिणाम बहुतेक संपलेला असतो. पुढच्या सोमवारपर्यंत थांबण्याने छातीला जास्तीचे काही मिळत नाही. सर्वांगी क्रमाच्या बाजूचा हा सर्वांत ठळक मुद्दा आहे.

पण तो एकटा निर्णायक नाही, कारण एका दिवसात दिलेल्या कामाचे मापही मोजावे लागते. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2016 साली दहा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्नायुवाढीसाठी आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा बरे असा निष्कर्ष निघाला. त्याच गटाने 2019 साली अधिक अभ्यास घेतले. आठवड्याचे एकूण सेट सारखे ठेवले तर ते किती दिवसांत वाटले याने फारसा फरक पडत नाही, असे तेव्हा दिसले. सर्वांगी आणि विभागलेला क्रम थेट समोरासमोर ठेवणाऱ्या 14 अभ्यासांचा आढावा 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यातही एकूण काम सारखे असताना ताकद वा स्नायुवाढ यांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही. दर आठवड्याला एका स्नायुगटाच्या वाट्याला सुमारे दहा वा अधिक सेट येतात की नाही, वजन महिन्यामहिन्याने चढते की नाही, खाणे आणि झोप पुरते की नाही, या तीन गोष्टी क्रमाच्या नावापेक्षा वजनदार आहेत.

ताकदीच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. ताकद म्हणजे निव्वळ स्नायूचा आकार नव्हे. स्क्वॉटमध्ये बार पाठीवर नेमका कुठे ठेवायचा, श्वास कधी रोखायचा, गुडघे आणि कंबर एकत्र कसे वाकवायचे, हे कसब आहे आणि ते वारंवार केल्याने येते. वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन्ही उचली सगळ्या अंगाच्या. तिथे छातीचा वार नसतो. स्क्वॉट आठवड्यातून तीनदा करणारा नवखा वर्षात दीडशेच्या आसपास वेळा त्या बारखाली जातो. फक्त शनिवारी पाय करणारा पन्नासएक वेळा. पहिल्या वर्षात हे अंतर फार मोठे असते.

एका दिवसाचा पट : छातीसाठी आठवड्याचे बारा सेट ठरले आहेत असे समजा. स्प्लिटमध्ये ते सगळे सोमवारी. सपाट बेंच प्रेसचे चार सेट 60 किलोने : दहा, नऊ, आठ, सात रेप्स. मग तिरक्या बाकावर डंबेल्सचे चार. इथे हात थरथरू लागतात आणि एरवी 20 किलोची डंबेल्स घेणारा 16 ची उचलतो. शेवटी केबलचे चार. तोवर स्नायू इतका दमलेला असतो की ते सेट बऱ्याचदा फक्त मोजणी पुरी करण्यापुरते होतात. तेच बारा सेट सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार वाटले तर तिन्ही दिवशी बेंच प्रेस ताज्या अंगाने होते, आणि आठवड्यात जास्त रेप्स जास्त वजनाने पडतात.

सर्वांगी क्रमाची अडचणही याच हिशेबातून निघते. जो 40 किलोने स्क्वॉट करतो त्याला सहा व्यायामांचे तीन-तीन सेट तासाभरात उरकतात. तोच 130 किलोवर पोचला की रिकाम्या 20 किलोच्या बारपासून 60, 90, 110 असे चढत जाण्यातच पंधरा मिनिटे जातात, दोन सेटांमध्ये तीन-चार मिनिटे बसावे लागते, आणि नंतर डेडलिफ्टसाठी कंबरेत जोर उरत नाही. जो व्यायाम शेवटी येतो त्याचे रेप्स घटतात, हे प्रयोगांतही दिसले आहे. अशा माणसाने शरीर वाटून घेणे शहाणपणाचे ठरते. पॉवरलिफ्टिंगमध्ये लुई सिमन्स (1947–2022) यांनी चालवलेली पद्धत चार दिवसांची होती : दोन दिवस खालचे शरीर, दोन दिवस वरचे.

स्प्लिटच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने नोंदवायला हवी. कागदावर एकदाच येणारा स्नायू प्रत्यक्षात अनेकदा काम करतो. बेंच प्रेसमध्ये ट्रायसेप्स लागतात, खांद्याच्या दिवशी पुन्हा लागतात, आणि हातांच्या दिवशी तिसऱ्यांदा. म्हणूनच सिंगल मसलवरही दंड भरतात. मांड्यांना मात्र असा छुपा वाटा मिळत नाही. त्यांचा एक वार चुकला की त्या पंधरा दिवस कोरड्या राहतात.

निवड : खरा प्रश्न हा की आठवड्यातून किती दिवस जिम खात्रीने जमणार आहे. उत्तर ठरवताना मनातला इरादा बाजूला ठेवून मागच्या दोन महिन्यांची हजेरी पाहावी. कल्याणहून मुंबईला लोकलने जाणाऱ्या माणसाचा आठवड्यात एखादा दिवस उशिराने जातो, एखादा घरच्या कार्यात. सहा दिवसांच्या स्प्लिटमध्ये मंगळवार आणि शनिवार बुडाले तर पाठ आणि पाय दोन्ही राहतात, आणि उरलेल्या चार दिवसांत शरीराची पुढची बाजूच वाढत जाते. तीन दिवसांच्या सर्वांगी क्रमात एक दिवस बुडाला तरी प्रत्येक स्नायू दोनदा कामाला लागलेला असतो.

दोन-तीन दिवस जमत असतील तर सर्वांगी क्रमच घ्यावा. मग माणूस नवखा असो की जुना. चार दिवस असतील आणि सहा-आठ महिन्यांचा सराव झाला असेल तर वरचे-खालचे शरीर अशी वाटणी उत्तम, कारण तीत प्रत्येक गट दोनदा येतो. पाच-सहा दिवस खरोखर जमणाऱ्याने पुश-पुल-लेग्ज आठवड्यात जवळपास दोनदा फिरवावे. सिंगल मसल स्पर्धकाचे आहे आणि त्याच्यापाशीच राहिलेले बरे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या संस्थेची 2009 ची शिफारसही याच दिशेची आहे : नवख्यांना आठवड्यातून दोन ते तीन दिवस सगळ्या शरीराचा व्यायाम, आणि मध्यम सराव असलेल्यांना सर्वांगी असेल तर तीन दिवस, वाटून घेतला तर चार.

अंगदुखीवरून क्रमाची पारख करणे ही सर्रास चालणारी चूक आहे. आठवड्यातून एकदाच पाय केले की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, आणि ‘व्यायाम लागला’ असे वाटते. वास्तविक ते दुखणे बऱ्याच अंशी मोठ्या खंडाचे असते. तोच स्नायू दोन-तीन दिवसांनी पुन्हा कामाला लागत राहिला की दुखणे ओसरते, ताकद मात्र वाढतच राहते.

सर्वांगी क्रमाचा एक साधा नमुना असा : स्क्वॉट, बेंच प्रेस आणि बारने वा डंबेलने रोइंग एका दिवशी, डेडलिफ्ट, खांद्यांवरून प्रेस आणि पुल-अप किंवा लॅट पुलडाऊन दुसऱ्या दिवशी, हे दोन दिवस आलटून पालटून सोमवार, बुधवार, शुक्रवारी फिरवायचे. प्रत्येकी तीन सेट, पाच ते आठ रेप्स. डेडलिफ्ट कंबरेला जड जाते म्हणून तिचे एक-दोन सेट पुरेत. शेवटी पोटाचा एखादा व्यायाम. सगळे रेप्स नीट निघाले की पुढच्या वेळी बारला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो. जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स नसतील तर त्याच वजनाने एक-दोन रेप्स आधी वाढवावेत.

पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात सगळ्या मोठ्या स्नायुगटांचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस सांगितला आहे, आणि तोल सुधारणारा मिश्र व्यायाम तीन किंवा अधिक दिवस. या वयात शरीर वाटून घेण्याचे कारणच उरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीवर जोर, लवचीक पट्ट्याने ओढणे आणि पिशवी उचलून चालणे एवढ्यात सर्वांगी क्रम पुरा होतो. रक्तदाब, हृदयविकार वा सांध्यांचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि वजन उचलताना श्वास रोखू नये.