लगाम रथाला कीं सारथ्याला?

इ. स. १९२३ सालीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील सिन्सिनाटी शहरीं एका अर्जावर सुमारें ४२ हजार नागरिकांनीं सह्या केल्या. शहरांतील प्रत्येक मोटारीस असें एक यंत्र सक्तीनें बसवावें कीं, वेग तासाला २५ मैलांवर जातांच एंजिनाची शक्ति आपोआप तुटावी, एवढीच त्यांची मागणी होती.

त्या मागणीमागें शोक होता. तोंवर रस्ता हा पायीं चालणाऱ्यांचा, फेरीवाल्यांचा आणि खेळणाऱ्या मुलांचा समजला जाई. त्यांत मोटार शिरली आणि बळी पडूं लागले. त्यांत पादचारी व मुलें यांचाच भरणा अधिक होता. आदल्याच वर्षीं बाल्टिमोर शहरांत मोटारीखालीं सांपडून मेलेल्या बालकांचें स्मारक उभारलें गेलें होतें. युद्धांत पडलेल्या सैनिकांचीं स्मारकें जगानें पुष्कळ पाहिलीं होतीं. रस्त्यावर मेलेल्या लेकरांचें स्मारक हा प्रकार निराळाच होता.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें त्या मागणींत नवें कांहींच नव्हतें. जेम्स वॉटनें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या एंजिनास असाच नियामक जोडला होता. फिरत्या दांड्यावर लोंबणारे दोन गोळे वेग वाढतांच बाहेर फेकले जात आणि त्यांच्या ओढीनें वाफेची झडप मिटूं लागे. चावीच्या ग्रामोफोनची तबकडी एका लयींत फिरे, तीही अशाच युक्तीनें. गाणें बेसूर होऊं नये म्हणून जी काळजी घेतली जात होती, तीच माणूस मरूं नये म्हणून घ्यावी, यांत अवास्तव तें काय?

नवें होतें तें दुसरेंच. ब्रिटनमध्यें १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरच्या एंजिनापुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस चालविला आणि वेग गांवाबाहेर ४ व गांवांत २ मैलांवर आणला. १८९६ च्या कायद्यानें ही मर्यादा १४ मैलांवर आणि १९०३ च्या कायद्यानें २० मैलांवर नेली. परंतु हे सारे निर्बंध हांकणाऱ्यावर होते. पोलिसाची पाठ वळली कीं ते संपले. सिन्सिनाटीकरांनीं लगाम सारथ्याच्या हातून काढून रथालाच बांधावयास सांगितलें. मोटारधंद्याला भीति वाटली ती याचीच, कारण वेग हाच त्याच्या मालाचा मोठा गुण. विक्रेते व मोटार-क्लब एकवटले, प्रचाराचा धुरळा उडाला आणि नोव्हेंबरांतील मतदानांत ठराव मोठ्या फरकानें पडला.

ठरावांत एक उणीव होती, हें मान्य केलें पाहिजे. शाळेच्या दारांत २५ मैलांचा वेगही घातक, आणि मोकळ्या माळावर तो उगाच रखडविणारा. जागा ओळखण्याची अक्कल त्या यंत्रापाशीं नव्हती.

पण पराभवानंतर जें घडलें तें अधिक महत्त्वाचें. धंद्यानें दोषाचें बोट पायीं चालणाऱ्याकडे वळविलें. वाटेल तेथें रस्ता ओलांडणाऱ्यास ‘जेवॉकर’, म्हणजे शहरी रीत न कळणारा गांवढळ, म्हणून हिणविण्यांत येऊं लागलें; १९२५ सालीं लॉस एंजेलिसनें त्याला कायद्यानेंच बांधलें. लगाम रथावरून निसटला तो वाटसरूच्या गळ्यांत पडला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कित्येक जर्मन कारखानदारांनीं आपसांतील समजुतीनें ताशीं २५० किलोमीटरची मर्यादा स्वीकारली. सिन्सिनाटीची मर्यादा किलोमीटरांत मोजली तर ४० भरते. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते, हें ध्यानीं घेतां २५० च्या आंकड्यानें पादचाऱ्यास कसला दिलासा मिळणार? व्होल्वो कंपनीनें २०२० सालीं आपल्या नव्या मोटारींस १८० ची मर्यादा घातली. युरोपीय संघानें जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारींत त्या त्या रस्त्याची मर्यादा ओळखून चालकास सावध करणारें यंत्र सक्तीचें केलें. १९२३ मध्यें नव्हती ती अक्कल यंत्राला आली. अधिकार मात्र चालकाकडेच राहिला, कारण तें यंत्र तो बंद करूं शकतो.

भारतांत २०१५ च्या नियमानें बहुतेक नव्या ट्रक व बस यांना ८० किलोमीटरचा लगाम कारखान्यांतच बसविण्यास फर्माविलें. घरची मोटार त्यांतून सुटली. आणि या प्रश्नाची चर्चा करणारीं कुटुंबें बहुधा तिच्यांतूनच प्रवास करतात.