पुण्याचा हलविलेला ओढा

तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता. ग्रामदेवतेचें ठाणें बहुधा वेशीबाहेर, पाण्याच्या कांठीं असावयाचें. परंतु हें देऊळ आज बुधवार पेठेच्या ऐन गर्दींत आहे, आणि पाण्याचा तेथें मागमूसही नाहीं. देऊळ जागचें हललेलें नाहीं. हलला तो ओढा.

मूळचें पुणें म्हणजे कसबा. त्याच्या पूर्वेस नागझरी, पश्चिमेस आंबील ओढा आणि उत्तरेस मुठा. तिन्ही अंगांस पाणी असल्यामुळें गांवास आसरा मिळे, तसाच वाढीस लगामही बसे. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून पर्वतीच्या पायथ्याशीं येई, आणि तेथून आजच्या पेठांमधून वाहत अमृतेश्वराच्या बाजूस मुठेस मिळे. पेशव्यांचें ठाणें येथें कायम झाल्यावर वाडे, बाजार आणि माणसें यांची दाटी होऊं लागली व ओढ्याची अडचण वाटूं लागली. नानासाहेब पेशव्यांनीं आपल्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) पर्वतीजवळ बांध घालून प्रवाहच पश्चिमेकडे वळविला. वळणाशीं तळें झालें. त्यांतील बेटावर पुढें गणपति बसला व त्यास सारसबागेचें नांव मिळालें. सुकलेल्या पात्रावर वाटा पडल्या, वाटांचे रस्ते झाले, दुतर्फा घरें उठलीं. इतकेंच नव्हे, तर याच ओढ्याच्या माथ्यावर कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळांनीं शहराच्या हौदांत आणलें. खालीं ओढा नकोसा झाला, पण वरून त्याचेंच पाणी घरीं आलें! आमच्या इतिहासलेखकांनीं अटकेच्या स्वारीचें वर्णन ज्या हौसेनें केलें, त्याच्या शतांश हौसेनेंही या बांधाचें केलें नाहीं, हें मला नेहमींच खटकत आलें आहे.

लंडनच्या फ्लीट नदीची गोष्ट याहून निराळी. १६६६ च्या आगीनंतर तिच्या मुखाकडील भागाचा कालवा करण्यांत आला. तो गाळानें व घाणीनें भरला, तेव्हां १७३७ पर्यंत त्याचा वरचा भाग झांकून त्यावर बाजार मांडला, आणि १७६६ च्या सुमारास उरलेलाही झांकला. ती नदी आजही रस्त्याखालून वाहते. लंडनकरांनीं नदी पुरली. पुणेकरांनीं ती दुसरीकडे नेऊन उघडी ठेविली, व तिला विसाव्यासाठीं तळेंही दिलें.

ही व्यवस्था पुढील पिढ्यांच्या ध्यानांत राहिली नाहीं. विसाव्या शतकांत तळें आटवून तेथें बाग केली. ती सुरेख आहे, यांत शंका नाहीं. दांडेकर पुलाकडील नव्या पात्राच्या दोन्ही तीरांवर वस्ती दाटली. नागझरी दोन भिंतींत कोंडली गेली. लोक दोघांसही नाला म्हणूं लागले, आणि नाल्यास कोण भितो?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूस मुसळधार पाऊस कोसळला. आंबील ओढा अरण्येश्वराजवळच्या वस्तींत शिरला. भिंती पडल्या, आणि शहर व आसपासचा भाग मिळून वीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. याचा दोष पेशव्यांच्या बांधावर टाकण्याची सोयही नाहीं. अरण्येश्वर पर्वतीच्या वरच्या अंगास आहे. तेथें ओढा कोणी वळविलाच नव्हता. पात्र त्याचें मूळचेंच होतें, घरें मागाहून आलीं.