टाळ्यांना बंदी असलेली मैफल

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात व्हिएन्नातील एका संगीतसंस्थेविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु तीही आपल्या ग्रंथालयाप्रमाणे सभासदांच्या वर्गणीवर उभी होती आणि जेमतेम तीन वर्षे जगली. म्हणून ही हकीकत.

३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबर्ग याने आपल्या आणि वेबर्न व बर्ग या शिष्यांच्या नव्या रचना एका मोठ्या सभागृहात सादर केल्या. श्रोत्यांत हुल्लड माजली, प्रकरण हातघाईवर गेले आणि अखेरची मालरची गीते न होताच कार्यक्रम बंद पडला. रूढ स्वरव्यवस्थेची चौकट सोडू पाहणारे ते संगीत लोकांना रुचले नाही, यात नवल नाही. ते धड ऐकलेच गेले नाही, हे खरे दुःख.

महायुद्ध संपले, साम्राज्य कोसळले, आणि त्याच नोव्हेंबर १९१८ मध्ये शोनबर्गने खासगी संगीत-प्रयोगांसाठी एक मंडळ स्थापन केले. प्रवेश फक्त सभासदांना. वृत्तपत्रीय समीक्षकांना मज्जाव. आज काय वाजणार हे आधी जाहीर होत नसे. आवडीचे तेवढे ऐकून नावडते टाळण्याची सोय त्यामुळे उरली नाही. टाळ्या आणि निषेध, दोहोंनाही बंदी. आपल्या बैठकीत दाद हा गाण्याचाच भाग असतो. त्यामुळे हा नियम मला आजही रुक्ष वाटतो. मात्र १९१३ ची ती रात्र आठवली की त्यामागची व्यथा कळते.

तालमींची संख्या सामान्य मैफलींच्या कितीतरी पट असे आणि अवघड रचना पुनःपुन्हा वाजवली जाई. ११७ मैफली, १५४ रचना, ३५३ सादरीकरणे असा या मंडळाचा हिशेब सांगतात. म्हणजे प्रत्येक रचना सरासरीने दोनदांहून अधिक वेळा. कठीण पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेणारा सभासद ग्रंथपालास ठाऊक असतो. तसेच हे श्रोते. देब्युसी, बार्टोक, स्ट्राविन्स्की, रेगर यांना येथे स्थान होते. स्वतःच्या रचना मात्र शोनबर्गने प्रारंभीचा बराच काळ वाजवू दिल्या नाहीत.

पूर्ण वाद्यवृंद परवडण्याजोगा नव्हता. २९ डिसेंबर १९१८ च्या पहिल्याच मैफलीत मालरची सातवी सिंफनी एका पियानोवर दोघांनी चार हातांनी वाजवली. पुढे मोठ्या रचना मोजकी तंतुवाद्ये, पियानो आणि हार्मोनियम यांच्यासाठी उतरवल्या जाऊ लागल्या. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी वाजत होती, त्याच काळात तिची ही युरोपीय बहीण तिकडे अख्ख्या वाद्यवृंदाची उणीव भरून काढीत होती!

परंतु चलनाची किंमत घसरत चालली आणि वर्गणी पुरेना. २७ मे १९२१ रोजी मंडळाने योहान स्ट्राउसच्या लोकप्रिय वॉल्ट्झ नृत्यरचना वाजवल्या. शोनबर्ग, वेबर्न आणि बर्ग यांनी त्या स्वतः लहान संचासाठी लिहून काढल्या होत्या. त्या हस्तलिखितांचा नंतर निधीसाठी लिलाव झाला. तरीही ५ डिसेंबर १९२१ नंतर मंडळाची मैफल झाली नाही.

मालरचे ‘पृथ्वीचे गीत’ लहान संचासाठी उतरवण्याचे काम शोनबर्गने १९२१ मध्ये हाती घेतले होते. मंडळ बंद पडले आणि ते अर्धवट राहिले. १९८३ साली राइनर रीन याने ते पुरे केले.