सुरतेचे भीमजी पारेख आणि कुलुपबंद तबकडी

सुरत म्हटली की आम्हां मराठी मंडळींस शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु १६७० च्या आरंभी त्याच शहरातून एक वेगळी मागणी विलायतेस गेली होती. तिचा वृत्तांत गोमंतकाचे सुपुत्र कै. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात वाचावयास मिळतो.

भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीचे सुरतेतील दलाल. आपले प्राचीन ग्रंथ छापून त्यांच्या पुष्कळ प्रती व्हाव्यात, या इच्छेने त्यांनी कंपनीकडे मुद्रक व मुद्रणयंत्र मागितले. मुद्रकाच्या निर्वाहासाठी वर्षाला ५० पौंड देण्याचेही त्यांनी कबूल केले. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ साली यंत्र, खिळे व कागद घेऊन मुंबईस आला. पण त्यास छापणे ठाऊक; देशी अक्षरांचे खिळे ओतणे ठाऊक नव्हते. भीमजींनी स्वतःची माणसे लावून काही अक्षरे पाडविली. त्यांचे छापील कागद सुवाच्य असल्याचे सुरतेहून १६७६ साली कळविण्यातही आले. तरी तो संकल्प सिद्धीस गेला नाही. यंत्र होते, कागद होता, द्रव्यही होते. अडले ते हाती नसलेल्या एका कसबापाशी.

ही कथा आज सांगण्याचे कारण असे. आमच्या अनेक देवस्थानांत उत्सवांतील कीर्तने-भजने चित्रित करून तबकड्यांवर जपण्याचा प्रघात पडला आहे, आणि विकत घेतलेल्या तबकड्याही त्याच कपाटात ठेवल्या जातात. या दोहोंतील भेद मात्र फारसा कोणी जाणत नाही.

२००६ साली बाजारात आलेली ब्ल्यू-रे तबकडी घ्या. तिच्या आधीच्या डीव्हीडीचे कुलूप १९९९ साली फुटले होते. म्हणून हिचे कुलूप अधिक पक्के केले. तिच्यावरील चित्रपट सांकेतिक रूपात असतो व तो उलगडण्याच्या किल्ल्या परवाना मिळालेल्या यंत्रांतच असतात. एखाद्या यंत्राची किल्ली बाहेर फुटली, तर पुढे निघणाऱ्या तबकड्या त्या किल्लीस दाद देत नाहीत. मग इंटरनेटवरून वा अन्य मार्गाने सुधारणा मिळेपर्यंत नव्या तबकडीपुढे ते यंत्र मुके. २००७ साली संगणकावरील विनडीव्हीडीच्या किल्ल्या अशाच रद्द झाल्या आणि ग्राहकांस नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागली. तबकडी आपली, यंत्र आपले. किल्ली मात्र परक्याची!

कलावंताच्या श्रमाचे मोल बुडवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, व ते योग्यच आहे. पण जे आपलेच आहे, त्यास कुलूप कशाला?

याविषयी गोमंतकाचा अनुभव बोलका आहे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या छापाची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हातांनी केलेल्या नकलांमुळे. छापखाना राहिला नाही, नक्कल राहिली.

साधनेही चिरंजीव नसतात. सोनी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. म्हणून देवस्थानांच्या चालकांस आमची विनंती आहे की, आपल्या उत्सवांची मुद्रणे कुलुपाविना ठेवावीत, त्यांच्या निदान तीन प्रती निरनिराळ्या स्थळी असाव्यात, आणि साधन जुने होण्यापूर्वीच त्यांची नव्या साधनावर नक्कल करावी. भीमजींस साडेतीनशे वर्षांपूर्वी जे साधले नाही, ते आज आपणांस सहज साध्य आहे. ते न करणे हा मात्र आपलाच दोष ठरेल.