खेळण्याचं चाक: गोल सोपं, भोक अवघड

चाकाचा इतिहास म्हटलं की आपण रथ, बैलगाडी, आगगाडी इथपर्यंत येतो. आज मला बोलायचंय ते दोन-तीन इंचाच्या चाकाबद्दल. मुलाच्या गाडीचं, लाकडाचं, घरी केलेलं किंवा कुठूनतरी मिळवलेलं चाक.

घरी गाडी करायला बसलेला माणूस आधी काय करतो? एखादी गोल फांदी घेतो आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा तिच्या चकत्या कापतो. चाक तयार! आणि पंधरा दिवसांत त्या चकतीला गाभ्यापासून सालीपर्यंत उभी चीर पडते. यात आपल्या हाताचा दोष नसतो. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे जितकं आटतं, त्याच्या साधारण दुप्पट ते परिघाच्या दिशेने आटतं. मग चकतीला ताण सहन होत नाही आणि ती फाटते. ‘आदिमानवाने गडगडणारा ओंडका पाहिला, त्याची चकती कापली आणि चाकाचा शोध लागला’ हे शाळेतलं चित्र म्हणूनच मला कधी पटलं नाही. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत 2002 साली एक लाकडी चाक सापडलं, सुमारे 5,150 वर्षांपूर्वीचं. ते ओंडक्याची चकती नाही. ॲश नावाच्या झाडाच्या फळ्या जोडून ते केलंय. आख ओकच्या लाकडाचा आहे आणि चाकाचं भोक चौकोनी आहे, म्हणजे आख आणि चाक दोन्ही मिळून फिरत होते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला चकती फुटते हे चांगलं ठाऊक होतं.

फळीतून कापलेलं चाक फुटत नाही, पण त्याची वेगळी खोड असते. फळी रुंदीत आटते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात गोल कापलेलं चाक उन्हाळ्यात किंचित लंबगोल होतं. खेळण्याला तेवढं चालतं. खरी अडचण भोकाची. गोल तर ताटलीभोवती पेन्सिल फिरवून आणि कानस मारूनही साधतं. पण भोक मध्यावर आणि सरळ पाडणं साध्या गिरमिटाने फार कठीण. ते जरा सरकलं की गाडी लंगडते.

याच भोकाने पुरातत्त्वातही बराच घोळ घातलाय. हडप्पा संस्कृतीच्या ठिकाणांवर मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि मातीची चाकं विपुल मिळतात. बऱ्याच चाकांना एका बाजूने तुंब्याचा उंचवटा असतो, त्यामुळे ओळख पटते. पण सपाट, मध्ये भोक असलेली चकती मिळाली तर ती गाडीचं चाक की सूत कातायच्या टकळीची चकती? सांगणं अवघड, कारण त्या भोकातून गेलेली काडी लाकडाची होती आणि ती केव्हाच कुजून गेली. मेक्सिकोत हा प्रश्न फार गाजला. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत गाड्या नव्हत्या, म्हणून तिथे चाक नव्हतंच असं सगळे धरून चालले होते. 1880 साली देझिरे शार्ने या फ्रेंच प्रवाशाला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या परिसरातल्या एका दफनभूमीत चाकांची मातीची खेळणी मिळाली, तर लोक विश्वास ठेवायला तयार होईनात. पुढे 1940च्या दशकात त्रेस सापोतेस आणि तांपिकोच्या बाजूला तशीच खेळणी मिळाली, तेव्हा मान्य झालं. गाडी ओढायला तिथे बैल-घोडे नव्हते. त्यामुळे वाहतुकीला जे चाक आलं नाही ते खेळण्यात फिरत होतं.

आपल्याकडे काय? 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि म्हैस. रचना अगदी चाकांवरच्या खेळण्याची. पण चारही मिळून वजन साठ किलोच्या वर! ही पोराच्या हातातली वस्तू नव्हे, काहीतरी मिरवणुकीची, पूजेची असावी असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. पण मला यात दुसरंच दिसतं. असं प्राणी-चाकांचं रूप काशात ओतायचं सुचलं, त्याअर्थी ते रूप लोकांच्या डोळ्यांसमोर असणार. ते लाकडात असलं, तर आपल्याला कधीच मिळणार नाही. काळ्या मातीत लाकूड दरवर्षी भिजतं, वाळतं आणि संपतं. संग्रहालयात आपण जे प्राचीन बालपण बघतो ते माती आणि धातू यांनी निवडून दिलेलं बालपण आहे.

‘मृच्छकटिक’ आठवा. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी माणसाला घरचंच आहे. चारुदत्ताच्या मुलाला शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी असते, मिळते मातीची, आणि वसंतसेना ती दागिन्यांनी भरते. सोनं आणि माती. मधली लाकडाची गाडी त्यात नाही. नाटकाला टोकं लागतात, हे समजू शकतं.

लाकडी चाकाची जिवंत परंपरा बघायची तर विदर्भात जावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि नागपुरात त्याच दिवशी मारबत. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. आज मुलं लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा मिळवतात. परंपरा याचं श्रेय दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देते. त्यांची कारकीर्द 1788 ते 1816. नंदीचं वशिंड, शिंगं, डोळे यांवर सुतार जीव ओततो, आणि खालची चार चाकं? बरेचदा फळीचे गोल तुकडे, मधून खिळा. वर्षातून एक दिवस चालायचंय, एवढाच त्यांचा हिशोब. खडबडीत रस्त्यावर आधी तीच दगा देतात आणि मग पोरगं नंदी फरफटत नेतं.

भोक मध्यावर हवं तर कातारी हवा. कातारी लाकूड फिरवतो आणि हत्यार स्थिर धरतो. त्यामुळे गोल आणि मध्य दोन्ही एकदम साधतात. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, कर्नाटकात चन्नपट्टणची काळ्या कुड्याची. तिथे चाक आडव्या चकतीचं असलं तरी निभतं, कारण व्यास लहान, लाकूड मुरवलेलं, आणि वरून लाख चढवल्याने ओल सावकाश आत-बाहेर होते.

पण कातारी काही प्रत्येक गावात नव्हता आणि त्याला द्यायला पैसेही नव्हते. म्हणून मुलांनी चाक करण्याऐवजी शोधलं. कोकणात गर काढून झालेल्या ताडफळांची गाडी, शहरात बेअरिंगची, सगळीकडे जुन्या चपलेच्या तळव्याची. या सगळ्यांत माझं आवडतं म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचं लाकडी रीळ. स्कॉटलंडमधल्या पेझ्लीच्या दोऱ्याच्या गिरण्यांना लागणारी ही रिळं बर्च लाकडाची, यंत्रावर कातलेली असत. दोन्ही बाजूंना कडा, भोक बरोबर मधोमध. शिंप्याच्या दुकानाबाहेर रिकाम्या रिळासाठी उभं राहणाऱ्या मुलाला परदेशी कातकाम फुकट मिळत होतं! पुढे रीळ प्लॅस्टिकचं झालं आणि ही वाट बंद झाली.

आता माझी एक मागणी. तुमच्या घरी माळ्यावर जुना नंदी किंवा लाकडी गाडी असेल तर ती उलटी करून बघा. चाकाच्या तोंडावर रेषा सरळ आडव्या दिसतात की गोल वलयं दिसतात? आख फिरतो की फक्त चाक? खिळा लोखंडी आहे की लाकडी खुंटी? चाकं मूळची आहेत की मागाहून बसवलेली? फोटो काढा, मागे गाव आणि सुताराचं नाव माहीत असेल तर लिहा. रंग देऊन नवं करू नका, निदान खालच्या बाजूला तरी नको.