फोटोवाल्याच्या दुकानाची कैफियत

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले गाव. मुंबईच्या फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांची हकिकत सांगायला बसलेल्या माणसाने आरंभीच बेंबळीचे नाव का घ्यावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. शहरातले हे दुकान शहरापुरते कधीच नव्हते. बेंबळीसारख्या गावातल्या एखाद्या जुन्या घरात बैठकीच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या तसबिरी असतात. त्यांतली एखादी खाली उतरवून तिची पाठ पाहावी. पुढून आजोबा दिसतात, आणि मागच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा एका दुकानाचा शिक्का दिसतो. गाव कधी सोलापूर, कधी हैदराबाद, कधी मुंबई. आजोबांचा इतिहास घरात थोडाफार ठाऊक असतो. पाठीवरच्या शिक्क्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ही कैफियत त्या शिक्क्याची आहे.

पॅरिसमध्ये डागेरची कृती जगापुढे मांडली गेली ती १८३९ सालच्या ऑगस्टात. हे नवल मुंबईला यायला फार वेळ लागला नाही. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत साहेब लोक तर होतेच, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा फोटोचा व्यवसाय थाटला. म्हणजे ज्या पिढीने आगगाडीकडे तोंडात बोट घालून पाहिले, त्याच पिढीतले काही लोक काळ्या कापडात डोके खुपसून उभेही राहिले. या कलेत आपण मागाहून आलो नाही, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

बेंबळीचा मुलूख मात्र त्या काळी मुंबई सरकारचा नव्हता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि तिथल्या माणसाची राजधानी म्हणजे हैदराबाद. या राजधानीलाही तोलामोलाचा फोटोवाला लाभला होता. लाला दीनदयाळ हे मूळचे उत्तरेकडच्या सरधन्याचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी ते छायाचित्रकार झाले आणि 'राजा' हा किताब मिळवून राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्धीस आले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला आणि तिथली व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपवली. १८९६ साली मुंबईतही त्यांनी दुकान उघडले. दरबारातल्या माणसालासुद्धा अखेर मुंबईच्या पेठेत पाटी लावावीशी वाटली, यातच त्या पेठेचे महत्त्व दिसून येते.

ही दुकाने नुसती चेहरे टिपून थांबली नाहीत. मराठी माणसाच्या हातून पुढे जी चित्रपटसृष्टी उभी राहिली, तिची मुळे फोटोच्या धंद्यातच सापडतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचा मुंबईत फोटोचा व्यवसाय होता. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून त्यांनी लंडनहून तसला कॅमेरा मागवला, आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. ती फिल्म धुण्यासाठी पुन्हा लंडनला पाठवावी लागली. कुस्ती मुंबईची, पहिलवान इथले, आणि निकाल पाहायचा तर बोटीची वाट! दादासाहेब फाळके यांनीही आधी गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला होता. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. काचेवर, कागदावर आणि रसायनांवर ज्यांचा हात आधीच बसला होता, त्यांनाच हे साहस सुचले.

आता या दुकानात जरा आत शिरून पाहू. दर्शनी भागात काचेचे कपाट, त्यात मांडलेले कॅमेरे आणि एखाद्या देखण्या वधूवरांचा मोठा फोटो. आतल्या खोलीत रंगवलेला पडदा. त्यावर संगमरवरी जिना, तळे आणि तळ्यात हंस. जन्मात कधी जिना न चढलेला माणूसही त्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राही. दुकानाचा एक कोट असे, एक टाय असे, फणी, आरसा आणि पावडरचा डबा असे. कोट कोणाच्याही अंगाला नेमका बसत नसे, म्हणून पाठीमागून टाचण्या लावीत. मनगटावरचे घड्याळ दिसले पाहिजे म्हणून हात गुडघ्यावर. काच मंद असल्याने फार वेळ स्तब्ध बसावे लागे. जुन्या तसबिरींतली माणसे इतकी करारी का दिसतात, याचे कारण पुष्कळ अंशी हेच आहे. त्या बिचाऱ्यांनी श्वास रोखून धरलेला असे.

खरा संसार त्याच्याही मागच्या अंधाऱ्या खोलीत चाले. तिथे मिणमिणता लाल दिवा आणि तीन पसरट भांडी. पहिल्या भांड्यात चित्र उमटे, दुसऱ्यात त्याचे उमटणे थांबवीत, तिसऱ्यात हायपोच्या पाण्याने ते कायम करीत. कोऱ्या कागदावर पाण्याखाली हळूहळू डोळे, मग नाक, मग मिशा दिसू लागत. वाळलेल्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवण्याचे काम वेगळे. रंगीत फिल्म आली नव्हती तेव्हा साडीचे काठ आणि गालांची लाली हातानेच रंगवीत. दुकानाचा मालक हा एकाच वेळी रसायनकार, चित्रकार, न्हावी आणि थोडासा नाटक कंपनीचा मॅनेजर असे.

पुढे कॅमेरा गिऱ्हाइकाच्याच हातात आला. कोडॅकने १९०० साली ब्राउनी नावाचा पेटीसारखा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला, आणि फोटो काढणे हे उस्तादांचे काम राहिले नाही. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांना जो कॅमेरा आठवतो तो बहुधा आग्फा क्लिक थ्री. हा भारतात बनत असे आणि एका रिळात त्याचे बारा चौकोनी फोटो निघत. बारा म्हणजे बारा! त्यामुळे सहलीला निघालेले कुटुंब एकेक फोटो मोजून काढी आणि शेवटचा राखून ठेवी.

या नव्या सोयीने दुकान बुडाले नाही. उलट ते भरभराटीला आले. याचे इंगित समजून घेतले म्हणजे पुढच्या पडझडीचे कारणही कळते. कॅमेरा विकून दुकानदाराला जे मिळे ते एकदाच. त्याचे पोट चाले ते रिळावर, धुलाईवर आणि छपाईवर. एका रिळासाठी गिऱ्हाईक तीनदा पायरी चढे: रीळ घ्यायला, धुवायला द्यायला आणि फोटो न्यायला. या तीन खेपांत ओळख वाढे. "अहो, सूर्य पाठीशी ठेवा, समोर नको," असे दुकानदार सांगे आणि पुढचे रीळ सुधारे. या शिकवणीची फी कोणी घेत नसे. ती रिळाच्या किमतीतच आलेली असे.

मुंबईत बोरीबंदराच्या समोर, दादाभाई नौरोजी रस्त्यावर आणि बोरा बाजाराच्या गल्लीत या धंद्याची पेठ वसली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने आली. नवा कॅमेरा दुर्मिळ झाला, तसा जुना कॅमेरा मोलाचा झाला. तो दुरुस्त करणारा कारागीर, जुन्या भिंगाची पारख असलेला मालक आणि हप्त्याने पैसे देणारा गरजू छायाचित्रकार यांच्यावर ही पेठ उभी राहिली. फिल्म देशातच व्हावी म्हणून सरकारने १९६० साली उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. १९६७ साली तिथे उत्पादन सुरू झाले, आणि 'इंदू' या नावाची फिल्म बाजारात आली.

याच सुमारास बेंबळीचीही राजधानी बदलत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. धाराशिवकडच्या माणसाचे सरकारी अर्ज आता मुंबईला जाऊ लागले. अर्जाला फोटो चिकटवावा लागे, आणि फोटोसाठी तालुक्याच्या गावी दुकान लागे. त्या दुकानाचा कागद, रसायने आणि फिल्म येत ती मोठ्या शहरांतल्या पेठांतून.

पहिला घाव बसला तो भरभराटीच्या वेषात. १९८०च्या नंतर रंगीत फोटो धुणारी यंत्रे शहरोशहरी आली. तासाभरात चकचकीत फोटो हाती पडू लागले. गिऱ्हाईक खूश झाले, दुकानदारही खूश झाला. पण अंधारी खोली बंद पडली. यंत्राची किंमत लहान दुकानदाराला पेलणारी नव्हती. तो रिळे गोळा करून मोठ्या लॅबला पोचवणारा अडत्या झाला. ज्या हुन्नरामुळे त्याला मान होता, तो हुन्नर त्याच्या हातून गेला होता. पाटी तीच होती, म्हणून हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरा घाव मुळावरच होता. फिल्मवाचून फोटो टिपणारा कॅमेरा कोडॅकच्याच एका तरुण अभियंत्याने १९७५ साली तयार केला होता. फिल्म विकून गबर झालेल्या कंपनीला त्याची घाई नव्हती. ती घाई पुढे इतरांनी केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फिल्म गेली तशा दुकानाच्या तिन्ही खेपा गेल्या. काही दिवस डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीने धीर दिला, पण तोही टिकला नाही. २०१० साली जगभर सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०१९ साली हा आकडा दीड कोटीच्या आसपास आला, आणि २०२० साली तो सुमारे ८९ लाखांवर घसरला. टेलिफोनने कॅमेरा गिळला होता. उटकमंडचा कारखाना त्याआधीच आजारी पडून बंद झाला होता. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड ही १८६०च्या दशकातली पेढी २०१६ साली बंद झाली.

लहान दुकानाला अखेरचा आधार होता तो अर्जावरच्या फोटोचा. निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत १९९३ साली मतदारांच्या फोटो ओळखपत्राची योजना निघाली. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न बसलेली म्हातारी माणसेही त्या निमित्ताने बसली. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी. बेंबळीशी यमक जुळवणाऱ्या या गावात माणसाचा चेहरा थेट संगणकाने टिपला. फोटो चिकटवायची गरजच उरली नाही.

यात सगळे वाईटच झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिच्या माहेरची एकही तसबीर नाही अशा कितीतरी आज्या आपल्या घरांत होऊन गेल्या, कारण फोटोला पैसे पडत आणि ते आधी पुरुषांवर खर्च होत. आज शेतात राबणाऱ्या बाईच्या हातातही कॅमेरा आहे. तिला कोणाचा कोट उसना घ्यावा लागत नाही, आणि हलू नका म्हणून कोणी दटावीत नाही. हा लाभ मोठा आहे.

मग गेले काय? माझ्या मते, दुकानाबरोबर एक कोठार गेले. फोटो गिऱ्हाइकाला देत, पण निगेटिव्ह पुष्कळदा दुकानातच राही. पाकिटावर नाव आणि तारीख घालून ती खोक्यात ठेवीत, कारण उद्या कोणी आणखी एक प्रत मागेल. अशी खोकी साठत गेली, आणि त्यांत एकेका गावाच्या चेहऱ्यांची वही तयार झाली. काचेच्या निगेटिव्ह घासून ती काच दुसऱ्या कामाला लावल्याचे, फिल्मच्या निगेटिव्ह चांदीसाठी भंगारात दिल्याचे प्रकार घडले आहेत. दुकान बंद करताना मालकाच्या मुलांना ती खोकी म्हणजे अडगळ वाटली, तर त्यांना दोष देता येत नाही. जागेचे भाडे त्यांनाच भरायचे असते.

या कोठाराची किंमत काय, हे धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांना सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या भिंती कोसळल्या, तशा त्यांच्यावरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. माणूसही गेले आणि त्याचा फोटोही गेला, अशा घराला एकच आशा उरते: कधीतरी यात्रेला किंवा लग्नाच्या बस्त्याला गेलो होतो, तेव्हा ज्या दुकानात बसलो तिथे निगेटिव्ह असेल. ती खोकी ज्याने सांभाळली, त्याने गावाची ठेव सांभाळली असेच म्हणायला हवे.

आज फोटोंची संख्या वाढली, पण दुसऱ्या गावी ठेवलेली ती दुसरी प्रत राहिली नाही. टेलिफोन पाण्यात पडला की मुलाचे बारसे, आईची साठी आणि बापाचा शेवटचा फोटो एकाच वेळी बुडतात. पूर्वी ही काळजी दुकानदार आपल्या वतीने वाहत होता. आता ती आपली आपण वाहायची आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या गावात एखादे जुने फोटोचे दुकान मिटत असेल, तर त्या मालकाला जाऊन भेटावे आणि खोक्यांचे काय करणार एवढे विचारावे. गावचे वाचनालय किंवा शाळा यांना एक कोरडे कपाट देणे अवघड नाही. दुसरी गोष्ट घरातली. या वर्षीच्या फोटोंपैकी चार तरी कागदावर छापून घ्यावेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नावे, गाव व साल शाईने लिहून त्यांची एक जोडी दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवायला द्यावी. छापून देणारा फोटोवाला शोधायला थोडी पायपीट होईल. तो भेटला तर त्याचा शिक्काही मागून घ्यावा.